कोंबड्यांची लस आणि आबांची ज्वारी

माझे वडील दौंडला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच कामं उरली. एक, गाड्या वेळेवर जातात की नाही हे घरात बसून कानांनी तपासणं. आणि दुसरं, मी नक्की कसली नोकरी करते हे विचारणं. मी शिरूरला एका संस्थेत होते. संस्थेला परदेशातून पैसा येतो आणि त्यातून हिचा पगार होतो, इथपर्यंत त्यांना पटायचं. पुढचं पटायचं नाही. कोंबड्यांना लस देतेस का, तर नाही. लस विकतेस का, तर नाही. अंडी विकत घेतेस का, तर तेही नाही. मग मी समजावून सांगायचे की हे सगळं गावातल्याच लोकांनी करावं, त्यात त्यांचं पोट भरावं आणि आम्ही निघून गेल्यावरही ते चालू राहावं, एवढं बघायची माझी नोकरी. ते शांतपणे ऐकून घेत आणि आईला सांगत की हिला काही न करण्याचा पगार मिळतो. शेजारीपाजारीही त्यांनी हेच सांगून ठेवलं होतं आणि तेव्हापासून आमच्या आळीत माझा मान वाढला होता.

आमचं ऑफिस म्हणजे शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या दोन खोल्या. म्हातारी माणसं शिरूरला तेव्हाही घोडनदीच म्हणायची, त्यामुळे कंडक्टरला एक नाव सांगायचं आणि रिक्षावाल्याला दुसरं. आमचे सर पुण्याचे, बाहेर शिकून आलेले. ते भिंतीवर मोठा कागद चिकटवायचे आणि त्यावर चौकोन आणि बाण काढायचे. हा चौकोन दुकानदार, हा कोंबडीवाली, हा गिऱ्हाईक. बाण इकडून तिकडे गेले की म्हणायचे, ही बाजारव्यवस्था. धक्का बसला तरी मोडू नये अशी ती उभी करायची. मी त्या बाणांची भरपूर टिंगल केली आहे, त्यांच्या तोंडावरही. पण सरांची एक गोष्ट मला मनापासून पटायची. आपण गेल्यावर जे बंद पडेल ते आपल्या हातानं द्यायचं नाही, यावर ते अडून बसत.

कारण आधी तसं झालेलं होतं. आम्ही ज्या गावात काम करत होतो ते शिरूर तालुक्याच्या दक्षिणेला, भीमेपासून थोडं आत. तिथं काही वर्षांपूर्वी कुणाची तरी जीप यायची, कोंबड्यांना फुकट लस टोचायची, फोटो काढायची आणि जायची. मग जीप यायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात मानमोडी आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. कोंबडीची मान वाकडी होते, ती जागच्या जागी गोल फिरायला लागते, आणि बघता बघता अख्ख्या आळीत एक कोंबडं आरवायला राहत नाही. गावाकडं गाय नवऱ्याची, शेत सासऱ्याचं, पण कोंबडी बाईची. पोराची वही, माहेराला जायचं तिकीट, डोकेदुखीची गोळी, हे सगळं तिच्यातून निघतं. त्यामुळे मानमोडी येऊन गेली की पुरुषांना फारसं कळायचं नाही आणि बायका मात्र वर्षभर गप्प गप्प असायच्या.

लस होती, साधी होती. कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा, झालं. अडचण अशी की ती सतत थंड ठेवावी लागायची, आणि एका बाटलीत शंभर कोंबड्यांचं औषध असायचं. बाटली एकदा कालवली की थोड्या वेळात संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. म्हणजे कुणीतरी एकाच सकाळी शंभरेक कोंबड्या गाठायला हव्यात, आणि त्यासुद्धा डालग्याखालून सोडायच्या आत. बांबूचं ते पालथं डालगं एकदा उचललं की मग कोंबडी हाती लागत नाही, हे मी स्वतः पळून पाहिलेलं आहे.

हे काम जिनं अंगावर घेतलं तिला मी वहिनी म्हणायचे. आम्ही दोघी बौद्ध, आणि माझ्या आजोळाकडून, खुटबावच्या बाजूनं, तिच्या नवऱ्याशी आमचं काहीतरी नातं निघत होतं. ते नक्की काय, हे कुणालाच सांगता यायचं नाही, पण वहिनी म्हणायला ते पुरेसं होतं. नवरा सणसवाडीला कंपनीत हेल्पर होता, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात वहिनी आणि तिची सासू. सासूला सगळे मावशी म्हणत. मावशी कमी बोलायच्या आणि बोलल्या तर ऐकावं लागायचं.

वहिनीला आम्ही निवडलं नाही, तिनंच आम्हाला निवडलं. प्रशिक्षणाला बऱ्याच बायका आल्या होत्या. चहा झाल्यावर सरांनी विचारलं की हे काम पुढे कोण करील, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी म्हणाली, पैसे मिळणार असतील तर मी करीन, फुकट असेल तर घरी भरपूर काम हाय. सरांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या कागदावरचा चौकोनच बोलला.

मग आम्ही बाण खरे करायला लागलो. शिरूरला जनावरांच्या औषधांचा एक दुकानदार होता. त्याच्याकडे फ्रिज होता, पण तो कोंबडीची लस ठेवायला तयार नव्हता. दिवे जातात, बाटल्या खराब होतात, आणि गावरान कोंबडीला औषध कुणी विकत घेतं का, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याशी भांडले, वहिनी भांडली नाही. तिनं त्याला एवढंच सांगितलं की मी ठरल्या वारी येणार आणि बाटली नेणार, आणि ती खरंच गेली. बर्फाचा प्रश्न दुधाच्या टेम्पोनं सोडवला. हा टेम्पो गावचं दूध शिरूरच्या शीतकरण केंद्रावर घालायचा आणि संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन परत यायचा. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, रिकाम्या कॅनमध्ये हवा आणतो, तर बर्फ आणायला काय जातंय. मग संध्याकाळी टेम्पोतून बर्फ आणि बाटली यायची, रात्रभर थर्मासमध्ये राहायची, आणि उजाडायच्या आधी वहिनी बाहेर पडायची.

आता गावात दोन वस्त्या. एक आमची, बुद्धविहाराभोवतीची. दुसरी ओढ्यापलीकडं, धनगरांची. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली होती, पण आता कालव्याचं पाणी आलं होतं, ऊस उभा होता आणि मेंढरं कुणाकुणाकडेच उरली होती. एका वस्तीच्या कोंबड्यांनी बाटली संपायची नाही. दोन्ही वस्त्या एकाच सकाळी झाल्या तरच बाटली पुरी लागायची आणि वहिनीच्या हातात काही राहायचं. त्यामुळे तिचा धंदा ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभा होता, आणि तो टिकतो की नाही हे पलीकडच्या काठावर ठरणार होतं.

पलीकडच्या वस्तीत शब्द चालायचा आबांचा. आबा म्हणजे धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी आणि आलेल्या माणसाला काहीतरी खायला घातल्याशिवाय न सोडणं. थंडीत त्यांनी आम्हाला शेतावर हुरडा खायला बोलावलं होतं आणि सरांनी तो इतका खाल्ला की परतताना मोटारसायकल मला चालवावी लागली. आबांनीच लोकांना सांगितलं की औषध चांगलं हाय, पोरगी कामाची हाय, दर हंगामाला बोलवा.

मग मोबदल्याचा प्रश्न आला. दर कोंबडीमागे काही नाणी द्यायची असं ठरलं होतं, पण बायकांकडे नेमके त्या सकाळी सुटे नसायचे. कुणी म्हणायची उद्या, कुणी म्हणायची नवरा बाजारातून आल्यावर. यावर तोड काढायला शाळेच्या ओसरीत बैठक बसली. सर होते, आबा होते, दोन्ही वस्त्यांतल्या बायका होत्या, मावशीसुद्धा खांबाला टेकून बसल्या होत्या. आबांनी घसा साफ केला आणि अगदी मायेनं म्हणाले, "पोरीला दारोदार चिल्लर मागाया कशाला लावायचं? सुगीला खळ्यावर यायचं, घरटी पायली-पायली जोंधळं घिऊन जायाचं. वरीसभर पुन्हा बघाया नगं."

सर खूष झाले. पैशाऐवजी धान्य, तेही हंगामात, जेव्हा घरात असतं तेव्हा. अशी उदाहरणं त्यांनी कुठल्या कुठल्या देशांची वाचली होती. त्यांनी लगेच कागदावर बाण काढला. मी मात्र मावशींकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे बघायला लागल्या. आमच्या वस्तीतल्या बाकीच्या बायकांनीही माना खाली घातल्या. आणि मग वहिनी उठून उभी राहिली.

"आबा, तुमी चांगलंच बोललाव," ती म्हणाली. "पर माझी सासू ज्या खळ्यावरनं उठून आली, तिथं मी परत जायाची न्हाई. कामाचं त्या सकाळी, त्या दारात द्या. न्हाईतर राहू द्या."

एवढं बोलून ती मावशींना हाताला धरून घरी घेऊन गेली. बैठक तिथंच मोडली.

परतताना मी सरांवर चिडले होते आणि आबांवरही, आणि राग आला की माझा आवाज चढतो. मोटारसायकलवरून ओरडून ओरडून मी त्यांना बलुतं म्हणजे काय ते सांगितलं. गावची कामं वर्षभर करायची आणि सुगीला खळ्याच्या कडेला उभं राहून जे पदरात पडेल ते घेऊन यायचं. मावशींनी मला ते पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. त्यांचं माहेरही ह्याच वस्तीतलं, आणि लहान असताना त्या आईबरोबर खळ्यावर जायच्या. आईनं पदर पसरायचा आणि वरून कुणीतरी धान्य ओतायचं. किती ओतायचं ते ओतणाऱ्याच्या मनावर. त्यात एक खळं आबांच्या वडलांचं होतं. मेंढरांबरोबर त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती. मग बाबासाहेबांबरोबर सगळे बौद्ध झाले आणि वस्तीनं ठरवलं की आता खळ्यावर कुणी जायचं नाही. त्या वर्षी घरात दाणा कमी होता, पण कुणी गेलं नाही. मावशी हे सांगताना रडल्या वगैरे नव्हत्या. उलट त्यांचा चेहरा, आपण एखादी परीक्षा पास झालो होतो हे आठवावं, तसा झाला होता. सरांनी गाडी बाजूला घेतली, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले की तो बाण मी खोडतो. हा त्यांचा मोठा गुण होता. चुकीचा बाण खोडायला त्यांना कधी वेळ लागला नाही.

आबा मात्र दुखावले. मी काय वाईट बोललो, असं ते भेटेल त्याला विचारायचे, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या डोक्यात देणं होतं, त्यात कमीपणा कसला ते त्यांना दिसत नव्हतं. पलीकडच्या वस्तीनं वहिनीला बोलावणं बंद केलं. तिनं आपल्या वस्तीच्या कोंबड्या केल्या, उरलेली बाटली ओतून दिली, आणि दुकानदाराला सांगितलं तसं पुढच्या वेळीही बाटली आणली आणि तीही निम्मी ओतून दिली. मला वाटलं, संपलं. वहिनीला तसं वाटतंय की नाही हे तिनं कळू दिलं नाही. तुम्हाला घाईच फार, एवढंच मला म्हणाली.

आणि मग उन्हं तापली आणि ओढ्यापलीकडं मानमोडी आली. अलीकडं आली नाही. आबांच्या सुनेच्या बहुतेक कोंबड्या गेल्या. त्या सुनेला मी तोवर फक्त डोक्यावर पदर घेऊन चहा आणताना पाहिलं होतं. एक दिवस वहिनी ओढ्यावर धुणं धूत होती, तिथं ती आली आणि शेजारच्या दगडावर बसली. दोघींनी बराच वेळ धुणं बडवलं. मग सून म्हणाली की पुढच्या बारीला आमच्याकडं ये, पैशाच्या ऐवजी अंडी देते, त्याच सकाळी, मोजून. वहिनीनं विचारलं, आबांचं काय. "कोंबडी माझी हाय, अंडी माझी हायती," सून म्हणाली. "आबास्नी इचारायचं त्यात काय हाय?"

मला हे वहिनीनं सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की दुधाच्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवून काय झालं विचारलं. भिंतीवरच्या कागदावर जे आम्हाला सुचलं नव्हतं ते ओढ्यावर दोन दगडांमध्ये ठरलं होतं.

पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं आहेत. काम नीट चाललंय आणि त्यात आपला हात दिवसेंदिवस कमी लागतोय, यात काय आनंद असतो ते मला वडिलांना कधीच समजावता आलं नाही. वहिनी सकाळी दोन्ही वस्त्या करायची आणि अंड्यांची टोपली भुसा घालून भरायची. तिच्या नवऱ्याच्या सणसवाडीच्या खोलीखाली एका बिहारी भय्याची अंडाभुर्जीची गाडी होती. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तिथं उभी राहायची, आणि गावरान अंडं म्हटलं की जास्त पैसे मोजायची. वहिनीचं हिंदी तिथंच तयार झालं. "भैया, ये अंडा देसी हाय, फार्म का न्हाई, तुम फोड के बघो," असं ती म्हणायची आणि भय्या तिला मराठीत उत्तर द्यायचा. दोघांचं उत्तम जमलं होतं.

कधीकधी मी तिच्याबरोबर एसटीनं जायचे. टोपली दोघींच्या मांडीवर. खड्डा आला की दोघी एकदम टोपली उचलायच्या, आणि एका बाजूला कंडक्टर, दुसऱ्या बाजूला प्रवासी सूचना करायचे. खिडकीतून पुणे-नगर रस्त्यावरच्या कंपन्यांच्या भिंती मागे जायच्या, नव्या चाळी, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या. मला तेव्हा काही नको असायचं. मी सणसवाडीत उतरून भय्याकडं डबल भुर्जी खायचे आणि परत यायचे.

मग प्रकल्प संपला. निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, आता खरं कळेल. मला दौंडला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं. हिला आता काहीतरी काम आहे, असं म्हणून वडिलांनी पेढे वाटले.

वहिनीची खबर अधूनमधून यायची आणि ती चांगलीच असायची. तिनं आणखी एक गाव घेतलं होतं. दुकानदार आता दुसऱ्या बायकांनाही बाटल्या द्यायचा. आणि मग एका वर्षी टीव्हीवर बातमी आली की कुठल्याशा जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झालाय. तो रोग वेगळा, तो आमच्याकडं नव्हताही, पण टीव्हीवर पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या पुरताना दिसली आणि लोकांनी अंडं खाणं सोडलं. भय्यानं गाडीवर अंड्याऐवजी पोहे ठेवले. दौंडच्या बाजारात अंड्यांचे ट्रे तसेच पडून राहिलेले मी बघत होते. एका रविवारी न राहवून मी गावाला गेले.

वहिनीच्या घरी अंड्यांची टोपली रिकामी टांगली होती. मावशींनी मला पाणी दिलं. वहिनीनं सांगितलं की दुकानदार बाटली द्यायला तयार आहे, टेम्पो बर्फ आणायला तयार आहे, उन्हाळा तोंडावर आलाय, पण दारात गेलं तर बायांकडं द्यायला काही नाही. अंडी घेऊन ती करणार काय? आणि फुकट ती करणार नव्हती, कारण एकदा फुकट केलं की ते तसंच धरलं जातं. मी म्हटलं, सरांना फोन करते, ते कुठून तरी लस मिळवतील, एवढ्या वेळेपुरती वाटून टाकू. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"नका करू, ताई," ती म्हणाली. "तुमी ह्या बारीला वाटून जाताल. आन् पुढच्या बारीला मला कोन बोलवंल?"

मी फोन केला नाही. जिनं हे शिकवायचं ती मी, आणि मला ते तिच्याकडून ऐकावं लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अभिमानच वाटला. पण काळजी गेली नाही. तिनं इतक्या वर्षांत उभं केलेलं सगळं एका बातमीनं बसणार का, हा प्रश्न आमच्या तिघींच्या मध्ये बसला होता आणि आम्ही चहा पीत होतो.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. मी दारातून बघितलं, तर अंगणात आबा. खूप म्हातारे झाले होते. खांद्यावर अर्धं भरलेलं पोतं होतं आणि त्याच्या ओझ्यानं ते एका बाजूला कलले होते. एवढ्या वर्षांत मी आबांना ओढ्याच्या अलीकडं पाहिलं नव्हतं. आमच्या वस्तीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. मागे, ओढ्याच्या काठाला, त्यांची सून पदराआडून बघत थांबली होती.

वहिनी उठली आणि उंबऱ्यात गेली. आबांनी आधी तिच्याकडं बघितलं नाही, जमिनीकडं बघितलं.

"सून म्हनली, अंडी चालंनात," ते म्हणाले. "ही जोंधळं हायती. बाजारात भाव काय हाय तो इचारून आलोय, त्या भावानं धर, तुझ्या मापानं मोज, आन् उद्या सकाळच्याला कोंबड्याचं औषध घिऊन ये." मग पोतं सावरून म्हणाले, "खळ्यावर येनार न्हाई म्हनलीस. म्हनून मीच आलो."

वहिनीचे डोळे भरले आणि माझेही. मी हे लपवत नाही, मला रडू फुटलं. आबांच्या लक्षात ते आलं नाही किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही. त्यांचा जीव पोत्याखाली होता. त्यांनी एक पाय पुढं टाकला, वहाणा काढल्या, उंबऱ्याजवळ थांबले आणि आत बसलेल्या मावशींना विचारलं, "कुठं ठिवू?"

मावशींनी आबांकडं नीट बघितलं, मग पोत्याकडं. हातातला कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा उचलला.

"वाईच थांबा," त्या म्हणाल्या. "जागा करते."

आणि त्या भिंतीलगतची जमीन झाडायला लागल्या. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, सावकाश, कडेकोपरा काढून. वहिनी मदतीला पुढं झाली तर तिला त्यांनी हातानंच थांबवलं. आबा पोतं खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभे राहिले, आणि मावशींचं झाडून होईपर्यंत तसेच उभे होते.